रतनवाडी ते खिरेश्वर: डांगाणातल्या वाड्यांमधून चार दिवस पायी

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला डांगाण म्हणतात. एका बाजूला कळसूबाई, दुसऱ्या बाजूला हरिश्चंद्रगड, मध्ये रतनगड, कात्राबाई, आजोबा हे डोंगर आणि या सगळ्यांच्या पायथ्याशी भाताच्या खाचरांत विखुरलेल्या वाड्या. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातले, आणि देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

पाठीवर सॅक घेऊन पहिल्यांदाच अनेक दिवस चालायला निघणाऱ्यांसाठी इथे एक आखणी दिली आहे: रतनवाडी, कुमशेत, पाचनई, खिरेश्वर. तंबू न्यायचा नाही, गावातल्या घरांत राहायचं. या रस्त्याची एक मोठी सोय म्हणजे मुक्कामाच्या प्रत्येक गावाला गाडीरस्ता आहे. पाय मुरगळला, ताप आला, सोबतचा माणूस दमला, तर त्या गावातून राजूर किंवा शेंडी या बाजाराच्या गावांना उतरता येतं. गाडीरस्ता नसलेल्या टप्प्यांत सर्वांत कठीण रतनवाडी ते कुमशेत. म्हणून जास्तीत जास्त खबरदारी त्या दिवसासाठी राखून ठेवायची.

या वाड्यांत पाहुण्याला दारातून परत पाठवत नाहीत. म्हणूनच आपली तयारी इतकी पक्की हवी की त्या अगत्यावर ताण येणार नाही. जेवणाची वेळ आधी कळवणं, दर आधी ठरवणं, अंधाराआधी पोचणं ही वरवर किरकोळ कामं आहेत. पण चार दिवस चांगले जाणं यांवरच जास्त अवलंबून असतं. चढ कोणीही चढतो.

केव्हा जायचं

हिरवंगार डांगाण पाहायचं असेल तर गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. रतनगडावर सोनकीचा पिवळा गालिचा याच सुमारास असतो, तेरडा फुललेला असतो आणि खाचरांत भात पोटरीला आलेला असतो. पाऊस ओसरलेला असतो, थांबलेला नसतो. दुपारनंतर तास-दोन तासांची सर धरूनच चालायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये नवख्यांनी हा पूर्ण रस्ता चालू नये. घाटघर-रतनवाडीचा पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसांपैकी आहे. त्या दिवसांत प्रवरा आणि मुळा या नद्यांचे ओढे तासाभरात चढतात, कात्राबाईच्या खिंडीत धुकं दिवसभर हलत नाही. शिवाय जुलैत आवणी असते. घरातली सगळी माणसं सकाळपासून चिखलात भाताची रोपं लावत असतात. वाटाड्या मिळत नाही, दुपारी घरी चूल पेटलेली नसते. ऑक्टोबरच्या शेवटी कापणी सुरू झाली की पुन्हा तसंच. कापणीच्या दिवसांत गेलात तर दुपारचं जेवण सकाळीच बांधून घ्यायचं आणि संध्याकाळी माणसं रानातून परतेपर्यंत थांबायची तयारी ठेवायची.

डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असतं, पण हिरवं गेलेलं असतं आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं. एवढा पाऊस पडूनही उताराच्या कातळावर पाणी धरून राहत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात बायकांना हंड्यासाठी लांब जावं लागतं. त्या महिन्यांत आठ-दहा जणांच्या टोळीने जाऊन एखाद्या वाडीचं पाणी संपवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एका गटात चार ते सहा माणसं बरी. त्याहून जास्त झाली तर एका घरात मावत नाहीत आणि एका चुलीवर भागत नाही.

सॅकमध्ये काय

सॅक ४० ते ५० लिटरची पुरते. पाण्यासकट वजन नऊ किलोच्या वर जाऊ देऊ नका. तंबू, स्टोव्ह, भांडी वगळली की हे सहज जमतं. दोन लिटर पाणी म्हणजेच दोन किलो झाले, हे हिशोबात धरा.

सॅकला वरून घालायचं कव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं आणि पाणी तिथूनच आत झिरपतं. म्हणून आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात ठेवा आणि तोंडाला पीळ देऊन बंद करा. रात्री घालायचे कपडे आणि अंथरूण यांना आणखी एक वेगळी पिशवी. ओले कपडे दुसऱ्या दिवशी चालताना पुन्हा घालायचे आणि कोरडा जोड फक्त मुक्कामासाठी ठेवायचा. पहिल्या दिवशी कंटाळा येऊन कोरडे कपडे चालताना घातले की पुढच्या रात्री अंगावर कोरडं काहीच उरत नाही. नवख्यांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

जीन्स नको, ती ओली झाली की वाळत नाही आणि मांड्या सोलते. लवकर सुकणारी विजार, लांब बाह्यांचा शर्ट, पातळ स्वेटर, पावसाळी जॅकेट किंवा पाँचो. मोजे तीन जोड. बूट किमान महिनाभर वापरलेले आणि तळाची नक्षी खोल असलेले. ओल्या कातळावर नक्षी झिजलेला बूट टिकत नाही. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणताच बूट टिकत नाही, तिथे गवत किंवा खडबडीत दगड बघून पाय टाकायचा. एक काठी हवी. पातळ स्लीपिंग बॅग किंवा चादर आणि सतरंजी घ्या. घरात घोंगडी मिळते, पण सहा जणांपुरतं अंथरूण कोणाकडे असावं अशी अपेक्षा ठेवायची नाही.

डोक्याला लावायची विजेरी प्रत्येकाकडे स्वतःची. पॉवर बँक, शिट्टी, आगपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, तापाची गोळी, स्वतःची रोजची औषधं. विहिरीचं, ओढ्याचं पाणी क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवून मगच प्या. थेंब किती, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. खाण्यासाठी शेंगदाणे, गूळ, खजूर, चणे. वाटेत दुकान नाही असं समजूनच निघायचं.

रोख पैसे घोटी, अकोले किंवा राजूरला काढून घ्या आणि सुट्टे करून घ्या. दहा, पन्नास आणि शंभरच्या नोटा. शेंडी सोडल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे मोबाइलवरून पैसे देणं बेभरवशाचं. पाचशेची नोट घेऊन चहाच्या टपरीपुढे उभं राहिलं की टपरीवाल्याचीच अडचण होते. तो "राहू द्या" म्हणतो आणि त्याचा चहा फुकट जातो.

पोचायचं कसं

मुंबईहून लोकलने कसारा किंवा रेल्वेने इगतपुरी, तिथून जीपने किंवा एसटीने घोटी, आणि घोटीहून बारीमार्गे शेंडी. घोटी ते शेंडी सुमारे ३५ किलोमीटर. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. शेंडी हे भंडारदऱ्याच्या धरणाशेजारचं बाजाराचं गाव. १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय ओलांडला की पलीकडच्या टोकाला रतनवाडी. जमिनीवरून मुतखेल, कोलटेंभे करत सुमारे वीस किलोमीटर पडतात.

शेंडी-राजूरकडून आतल्या गावांना जाणाऱ्या गाड्या थोड्या. स्टँडवर चौकशी करताना "मुक्कामी गाडी कोणत्या गावाला जाते?" असं विचारा. मुक्कामी एसटी संध्याकाळी गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. ती पकडली की अंधार पडता पडता गावात पोचता येतं. बाजाराच्या दिवशी काळी-पिवळी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही.

सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती जपून ठेवा. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे तिथेच विचारा. दारू, शेकोटी, लाउडस्पीकर या तिन्हींना मनाई आहे.

घरातला मुक्काम

नवख्यांची सर्वांत जास्त धांदल इथे उडते, म्हणून जरा सविस्तर.

रतनवाडी आणि पाचनईत राहण्या-जेवणाची सोय करणारी घरं बरीच आहेत. कुमशेतला कमी. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी सांगायच्या: किती माणसं, कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता. शाकाहारी किती, उपवास कोणाला, हेही तेव्हाच. ओळख नसेल तर रतनवाडीचे यजमान कुमशेतच्या घराची आणि कुमशेतचे यजमान पाचनईच्या घराची ओळख देतात. या वाड्या एकमेकींच्या सोयऱ्या आहेत. अशा ओळखीने गेलेल्या माणसाला तिथे वेगळं काही सांगावं लागत नाही.

न कळवता रात्री नऊला दार ठोठावलं तर काय होतं? घरचे जेवून भांडी घासून झोपायच्या तयारीत असतात. तरी ते उठतात, चूल पुन्हा पेटवतात. सहा जणांना प्रत्येकी तीन धरल्या तर अठरा भाकरी होतात. नागलीची (नाचणीची) किंवा तांदळाची एक भाकरी थापून भाजायला तीन मिनिटं धरा, म्हणजे एकट्या बाईला तासभर चुलीपुढे बसावं लागतं, आणि तेही दिवसभर शेतात राबून आल्यावर. म्हणून जेवण दुपारपर्यंत कळवा, आणि वाट चुकून उशीर होणार असेल तर नेटवर्क मिळेल त्या पठारावरूनच फोन करा.

पैशांचं बोलणं पोचल्या पोचल्या करा. चहा, जेवण, मुक्काम, सकाळचा नाश्ता आणि वाटाड्या, प्रत्येकाचा दर वेगवेगळा विचारा. "तुम्हाला वाटेल ते द्या" असं उत्तर आलं तर "आधीच्या पाहुण्यांनी काय दिलं?" असं विचारलं की आकडा कळतो. ठरलेल्या दरात घासाघीस करू नये. जेवणाचे पैसे ज्या बाईंनी रांधलं त्यांच्या हातात द्यावेत, घरातल्या पुरुषाने वाट दाखवली असेल तर त्याचे वेगळे त्याला.

शेताच्या बांधावर कोणी बोलावून चहा दिला, काकडी कापून दिली, तर तिथे पाकीट काढू नका. तो व्यवहार नसतो. बसा, चहा प्या, पाऊसपाण्याची, भाताची विचारपूस करा. परतफेड करावीशीच वाटली तर त्यांच्याकडून दोन किलो तांदूळ किंवा नागली विकत घ्या. काळभात, जिरवेल हे इथले जुने वाण आहेत आणि ते शहरात सहज मिळत नाहीत. फक्त ही खरेदी शेवटच्या मुक्कामाला करा, नाहीतर दोन किलो पाठीवरून डोंगर ओलांडतात.

पोरांच्या हातात चॉकलेट किंवा पैसे देऊ नयेत. एकदा दिले की पुढच्या प्रत्येक सॅकमागे पोरं धावत येतात आणि घरच्यांची मान खाली जाते. द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली शाळेच्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे द्या. औषधांच्या गोळ्याही कोणाला वाटू नका. क्रेप बँडेज द्यायला हरकत नाही.

वयाने मोठ्यांना मामा, मावशी, बाबा, आजी, बरोबरीच्यांना दादा, ताई. चपला-बूट ओटीबाहेर. चुलीपाशी न विचारता जाऊ नये, देवघराकडे पाय करून झोपू नये. अंगणात नागली किंवा भात वाळत घातलेला असतो, त्याला वळसा घालून जायचं, आणि कापणीनंतर खळं केलेलं असेल तर त्यात पायताण घालून पाऊल टाकायचं नाही. फोटो विचारून काढायचा, घरात किंवा पाणवठ्यावर बायका असतील तर काढायचाच नाही. रात्री गप्पा ओटीवर, हलक्या आवाजात. गाव नऊला झोपतं आणि पाचला उठतं.

पाणी कोणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं. हापसा जवळ असेल तर आपण जाऊन दोन कळशा भरून आणाव्यात. अंघोळीला अर्धी बादली पुरते. संडास घरी आहे का ते संकोच न करता विचारा. नसेल तर ओढ्यापासून, विहिरीपासून आणि वाटेपासून निदान शंभर पावलं दूर, वीतभर खड्डा खणून नंतर बुजवायचा. कागद, सॅनिटरी पॅड, पाकिटं सगळं दुहेरी पिशवीत बांधून परत शहरात न्यायचं. वाडीत कचरागाडी येत नाही. जे आपण टाकतो ते कोणीतरी जाळतं किंवा ते ओढ्याने मुळेत जातं.

वाट कशी विचारायची

"ही वाट कुमशेतला जाते ना?" असं विचारलं की उत्तर बहुधा "हो" येतं. समोरच्याला तुमचं मन मोडायचं नसतं, आणि फिरून फिरून ती वाट कुमशेतला जातही असते. प्रश्न उघडा ठेवा: "मामा, कुमशेतला कुठनं जायचं?" मग त्यांनी हात दाखवलेल्या दिशेची खूण विचारून घ्या: कोणता ओढा, कोणतं झाड, डावीकडे काय राहतं. तीच खूण पुढच्या भेटलेल्या माणसाकडून पडताळा.

"जवळच आहे, अर्धा तास" हे त्यांच्या पायांचं माप असतं. "तुम्हाला किती वेळ लागतो?" असं विचारून येईल त्याच्या दुप्पट वेळ सॅकसकट धरा.

पठारावर ढोरवाटा भुलवतात. डांगी जनावरं रोज चरायला जातात, त्यांच्या पायवाटा माणसांच्या वाटेपेक्षा ठळक असतात. ओळखायची खूण अशी: ढोरवाट गवतात गेली की तिला फाटे फुटत जातात आणि ती पाणवठ्यावर किंवा गवतातच संपते. माणसाची वाट खिंडीकडे किंवा डोंगराच्या धारेकडे रोख धरून राहते आणि कातळावर तिच्या घासल्याच्या पांढुरक्या खुणा दिसतात. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या नक्की ठिकाणी परत यायचं. गवतातून अंदाजाने आडवं जायचं नाही, कारण गवताखाली कडा सुरू झालेला कळत नाही. मोबाइलमध्ये नकाशा आणि रस्त्याची फाइल आधीच उतरवून ठेवा. पण रतनवाडी ते कुमशेत वाटाड्या घ्याच.

पहिला दिवस: रतनवाडी आणि रतनगड

आदल्या रात्री रतनवाडीत पोचलेले असा. गावातलं अमृतेश्वराचं देऊळ काळ्या पाषाणातलं, शिलाहारकालीन मानलं जाणारं. शेजारची पुष्करणीही पाहण्यासारखी. पायताण बाहेर ठेवा आणि कोरीवकामाला टेकून बसू नका.

सकाळी सॅक घरीच ठेवून, फक्त पाणी-खाणं घेऊन रतनगड (१२९७ मीटर) करून या. चढायला तीन तास, उतरायला दोन-अडीच. पाय कसे चालतात, बूट कुठे चावतो, सोबत्यांपैकी कोणाचा दम कुठे लागतो, हे ओझ्याशिवाय कळावं म्हणून हा दिवस. टाचेला गरम लागायला लागलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

वाट प्रवरेच्या प्रवाहाच्या सोबतीने जाते आणि तो अनेकदा ओलांडते. जंगलात एक फाटा लागतो: उजवीकडची वाट शिड्यांकडे, गडावर, आणि सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीकडे. हा फाटा नीट बघून ठेवा, उद्या इथूनच पुढे जायचं आहे. शिडीवर एका वेळी एकच माणूस. तोंड कातळाकडे, काठी पाठीला बांधलेली, तीन आधार पक्के झाल्याशिवाय चौथा सोडायचा नाही. वर गणेश दरवाजा, पाण्याची टाकी आणि माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. वारा जोराचा असेल तर नेढ्यात उभं राहू नका, बसून घ्या. गुहेपाशी माकडं असतात, खाण्याची पिशवी हातात धरून फिरू नका.

दुपारी तीनच्या आत गावात परत.

दुसरा दिवस: कात्राबाईची खिंड, कुमशेत

चारही दिवसांत सर्वांत कठीण दिवस. सॅकसकट सहा ते सात तास. सकाळी सातला निघा. वाटाड्याला तुम्हाला सोडून त्याच दिवशी परतायचं असतं, म्हणजे त्याची चाल तुमच्या दुप्पट. त्याचे पैसे ठरवताना ती परतीची वाटही धरा, आणि त्याची दुपारची भाकरी आपल्या डब्याबरोबर बांधून घ्या. तो कुमशेतच्या अलीकडे गाव दिसेल तिथून परत फिरणार असेल तर उरलेल्या वाटेच्या खुणा नीट विचारून घ्या.

कालच्या फाट्यावरून सरळ. दाट झाडीतून चढ खिंडीपर्यंत वाढत जातो. चढावर बोलता येईल इतक्याच वेगाने चाला आणि पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं सॅक उतरवून बसा. सर्वांत सावकाश चालणारा पुढे ठेवायचा, अनुभवी माणूस शेवटी. उलट केलं की मागचा एकटा पडतो, आणि पुढचे थांबलेले असतात तिथे तो पोचताच ते निघतात. त्याला विसावा मिळतच नाही.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. गावकरी इथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिथे बसून खा, पण शेंदूर लावलेल्या दगडांवर सामान ठेवू नका. हवा मोकळी असेल तर इथून हरिश्चंद्रगडाचा पसारा, आजोबाचा डोंगर आणि कुमशेतचा कोंबडा नावाचा डोंगर दिसतो. धुकं असेल तर एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहून उतरा. उताराला ओल्या मुरुमावर टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून, पावलं लहान. बहुतेक पाय इथे मुरगळतात, चढावर नाही.

दुपारी बारापर्यंत खिंडीत पोचला नाहीत, किंवा ओढे फुगलेले दिसले, तर परत रतनवाडीला फिरा. कुमशेतच्या यजमानांना निरोप वाटाड्यामार्फत किंवा फोनने पोचवायचा, नाहीतर गाव रात्री विजेऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला बाहेर पडतं. ते खरोखर पडतात.

तिसरा दिवस: पेठेची वाडी, पाचनई

चार-पाच तासांची तुलनेने सोपी चाल. कुमशेतहून उतरून मुळेचं पात्र ओलांडायचं, पेठेच्या वाडीवरून पाचनई. आज लवकर पोचण्याची घाई नको. वाडीतल्या ओटीवर बसायला, शेतात काय चाललंय ते बघायला हाच दिवस आहे. अडचण आलीच तर ती फक्त पात्राची.

पाणी ओलांडताना जागा रुंद आणि उथळ निवडा. अरुंद ठिकाणी प्रवाह खोल आणि जोरकस असतो. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येते. बूट पायातच ठेवा. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे टेकवून, एकेक पाय सरकवत आडवं जायचं. पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ असेल, त्यात पालापाचोळा वाहत असेल, तर उतरायचं नाही. सह्याद्रीतला ओढा जसा चटकन चढतो तसाच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतो. बसून राहा. कुमशेतला परत जाऊन आणखी एक रात्र काढणं हाही चांगला निर्णय असतो, म्हणून सुट्टी आखताना एक दिवस जास्तीचा ठेवा.

वाड्यांत शिरताना कुत्री भुंकत येतात. पळू नका, काठी उगारू नका, ती जमिनीला टेकवून हळू चाला आणि घरच्यांना हाक मारा.

दुखलं-खुपलं तर

फुरसं, घोणस, मण्यार आणि हिरवा चापडा हे विषारी साप इथे आहेत. रात्री विजेरीशिवाय बाहेर जाऊ नका, दगडावर हात ठेवण्याआधी बघा, सकाळी बूट झटकून घाला. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो अवयव न हलवता माणसाला उचलून गाडीरस्त्यापर्यंत आणा आणि १०८ ला फोन करून राजूर किंवा अकोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. गावकरी भगताकडे न्यायचं म्हणाले तर वाद न घालता, पण ठामपणे, आधी दवाखाना म्हणा.

कड्यांवर आग्या मोहळं असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून झाडीत पळा, हात झटकू नका.

चौथा दिवस: हरिश्चंद्रगड, खिरेश्वर

पाचनईहून गडावर (१४२४ मीटर) येणारी वाट सर्वांत सोपी, दोन-अडीच तासांची, काही अंतर कातळाच्या छपराखालून जाणारी. सहाला निघालात तर साडेआठपर्यंत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी. केदारेश्वराच्या लेण्यात शिवलिंगाभोवती कमरेएवढं थंड पाणी असतं आणि चारपैकी एकच खांब शाबूत आहे. पाण्यात साबण, पायताण काही नको.

कोकणकड्याला जाऊन यायला तासभर. कड्याचा वरचा ओठ पुढे झुकलेला आहे, पायाखाली काय आहे ते काठावरून दिसत नाही. चार-पाच पावलं मागे राहा, पाहायचंच तर पालथं पडून पाहा, धुक्यात जाऊच नका.

देवळापासून तोलार खिंडीमार्गे खिरेश्वर तीन-साडेतीन तास. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर लोखंडी कठडे आहेत. पाऊस चालू असेल तर हा टप्पा नवख्यांसाठी नाही, सरळ पाचनईला उतरा आणि तिथून राजूरची गाडी धरा. कठड्याचा गज धरण्याआधी हलवून बघा, आणि तिथे गर्दी असेल तर वरच्या सपाटीवर थांबून खालच्यांना आधी उतरू द्या. सुटणारा दगड खालच्याच्या डोक्यात बसतो.

खिरेश्वरला चहा-जेवण मिळतं, नागेश्वराचं जुनं देऊळ गावाजवळच आहे. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून खुबी फाटा पाच-सहा किलोमीटर, सव्वा ते दीड तास. बांधावर सावली नाही, पाण्याची बाटली गावातच भरा. फाट्यावर माळशेज घाटाचा महामार्ग लागतो: एका बाजूला कल्याणच्या, दुसऱ्या बाजूला आळेफाट्याच्या गाड्या. पुण्याला जाणाऱ्यांनी आळेफाट्याला बदलावी. एसटी हात दाखवल्यावर थांबते, पण अंधारात चालकाला माणूस दिसत नाही, म्हणून खिरेश्वरहून चारच्या आत निघा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला गाड्यांची रांग लागते आणि कल्याणची एसटी तासन्‌तास उशिरा येते. जमत असेल तर हा चौथा दिवस आठवड्याच्या मधल्या वारी येईल अशीच सुरुवात धरा.